घटातली शेवंती

नांदेड, १६ जून

मृण्मयी,

आशीर्वाद लिहावा की नाही, यातच सकाळ गेली. कोर्टात गेलेल्या सुनेला सासूनं दिलेला आशीर्वाद लागतो का, हे विचारावं तरी कुणाला? मी आपला लिहून टाकते. लागला तर लागला. अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. या घरातला कुठलाच नंबर तू उचलू नयेस असंच झालंय, त्यामुळं माझी तक्रार नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या क्लासच्या पत्त्यावर टाकतेय. लातूरच्या त्या गल्लीत क्लासच क्लास आहेत म्हणे, तेव्हा खाली 'बायॉलॉजीच्या मॅडम' असं ठळक लिहिलंय.

तुझ्या पाली खुशाल आहेत. खरं तर पहिलं वाक्य हेच पाहिजे होतं. जाताना तू म्हणालीस, खोलीमालक जनावर ठेवू देत नाही, स्वतःची जागा मिळाली की येऊन घेऊन जाते, तोवर तुम्ही सांभाळा. सर्वेश शेजारीच उभा होता. त्याला नाही, मला म्हणालीस. तेव्हा मला राग आला होता, की ही बाई जाता जाताही मला काम लावून चालली.

नावं मी बदललीत. रंगांवरून ठेवलेलं तुझं ते टँजरिन आणि मॅक स्नो माझ्या जिभेवर बसेना. पिवळीधमक, नारिंगी झाक असलेली ती शेवंती. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो तिळ्या. हाक मारली तर येत नाहीत, पण या घरात हाकेला ओ देणारं तसंही कोण राहिलंय. तुझे सासरे गेले, तू गेलीस, सर्वेशनं हैदराबादला बदली करून घेतली. मी आणि पालींच्या दोन पेट्या.

त्यांच्या खाण्याच्या अळ्यांचं ऐक. आयुष्यभर मी रव्यातल्या अळ्या निवडून फेकल्या. उन्हात गहू वाळवले, कडुनिंबाचा पाला घातला, कीड लागू नये म्हणून काय नाही केलं. आणि आता साठी उलटल्यावर कोंड्याच्या डब्यात अळ्या पाळून राहिले, वर त्यांना गाजराचे काप घालून राहिले. परवा समोरच्या लक्ष्मम्मा, त्या देगलूरकडच्या, अर्ध्या तेलुगूत बोलणाऱ्या, रवा मागायला आल्या आणि हातानं घेते म्हणून नेमका तोच डबा उघडला. दोन दिवस चहाला आल्या नाहीत.

तू सांगायचीस ना, की रानात यांचे रंग असे नसतात, माणसांनी पिढ्यान् पिढ्या जोड्या निवडून हे आणलेत. मी मान हलवायचे, ध्यान द्यायचे नाही. आता समोर बसून बघते तर मला कंधारचा आमचा गोठा आठवतो. वडील मास्तर होते, पण दावणीला लाल कंधारी. वळू ठरवायचा तर चार गावची माणसं जमायची. रंग गर्द लाल पाहिजे, कुठं पांढरा डाग दिसला की नापास. तेच की हे. फक्त शेण काढायला लागत नाही. एकाच कोपऱ्यात घाण करतात बिचारी, माणसांपेक्षा शहाणी. बाकी, अळ्यांवर भुरभुरायची ती कॅल्शियमची भुकटी संपत आलीय.

जागा मिळाली का?

विशाखा
(नातं काय लिहावं ते सुचलं नाही.)


नांदेड, २० जुलै

मृण्मयी,

पार्सल मिळालं. कॅल्शियमची भुकटी, लांब चिमटा, दोन थर्मामीटर. आत चिठ्ठी नव्हती. मी खोक्याचा तळ दोनदा चाचपून बघितला. नसली तर नसली. भुकटी संपत आली होती आणि मी काय करावं या फिकिरीत होते, म्हणजे माझं पत्र तू शेवटपर्यंत वाचलंस एवढं तर कळलं. बरं वाटलं. लई बरं वाटलं.

शेवंतीनं कात टाकली. अंगावरची पांढरी पापुद्र्यासारखी ओढून काढली आणि खाऊन टाकली, मला झाडायलासुद्धा ठेवली नाही. पण पुढच्या पायाच्या बोटांवर तशीच चिकटून राहिली. तू एकदा म्हणाली होतीस, बोटांवर कात अडकली की ती आवळते आणि बोट झडतं. मी घाबरले. लक्ष्मम्मा म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा. इथल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला तर तो म्हणाला, मावशी, म्हैस असेल तर आणा.

मग मीच बसले. कोमट पाण्यात फडकं भिजवून पिळलं, त्यात तिला गुंडाळून ठेवलं, आणि कापसाच्या बोळ्यानं एकेक बोट सोडवलं. सुईत दोरा ओवताना माझा हात कापतो, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी कापला नाही. आणि काय सांगू, ती माझ्या तळहातावर डोळे मिटून बसली. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला आहेत. सर्वेश तान्हा होता, त्यानंतर माझ्या हातावर असं निर्धास्त कुणी डोळे मिटले नव्हते. मला रडू आलं. आता आलं ते आलं.

लक्ष्मम्मांचा राग गेला. त्या कंचीला जाऊन आल्यात, तिथल्या देवळातल्या सोन्याच्या पालीला हात लावून आल्यात. म्हणून गल्लीत कुणाच्या अंगावर पाल पडली की लोक दोष घालवायला त्यांच्या हाताला हात लावून जातात. तर त्यांनी शेवंतीला उजेडात पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ही तर बंगारू बल्ली. म्हणजे सोन्याची पाल. आता पेटीसमोर येताना चप्पल बाहेर काढतात. तिळ्याला मात्र अजून बिसखोपरा, म्हणजे विषारी पालच म्हणतात. ज्याचं त्याचं नशीब.

जागा मिळाली का? घाई करू नकोस. चांगली बघ. पाणी किती दिवसांनी येतं ते घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना विचार. लातूर आहे ते.

विशाखा


नांदेड, २४ ऑगस्ट

मृण्मयी,

सर्वेश येऊन गेला. तुझ्यापासून लपवण्यात काय अर्थ आहे, त्याच्यासाठी उदगीरचं एक स्थळ आलंय. कोर्टाचा निकाल लागल्याशिवाय काही ठरवायचं नाही एवढी अक्कल त्याला आहे, पण दिवाळीनंतर ती माणसं घर बघायला येणार. तर त्याच्या आधी पाली घरातून गेल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. हैदराबादला कुणी हौशी माणूस बघून ठेवलाय, तो येऊन घेऊन जाईल म्हणे.

मी म्हणाले, त्या माझ्या नाहीत, द्यायच्या कशा. तो म्हणाला, तिच्याही राहिल्या नाहीत, ती टाकून गेली. मी म्हणाले, टाकून नाही, सांगून गेली.

झालं. तोंड मिटलं. तीन दिवस होता, माझ्याशी शब्द बोलला नाही. ताटावर बसायचा, उठायचा. मीठ लागलं तर हात लांब करून स्वतः घ्यायचा. तुला हे नवीन सांगत नाही. तुझ्याशी तर तो महिना महिना असा राहिला, वर्षानुवर्षं. दिवेलागणीला तू वरच्या खोलीत कुणाशी बोलतेस म्हणून मी जिन्यात थांबायचे. क्लासात कोण पोरगं काय म्हणालं, रिक्षावाल्यानं कसं फसवलं, भाजी काय भावानं मिळाली, सगळं तू त्या पेट्यांना सांगायचीस. गावात तुझं नाव 'पालीवाली' पाडलं. पालींशी बोलणारी बाई म्हणजे डोक्यानं हललेली, असं.

आता दिवेलागणीला मीच खुर्ची ओढून बसते. त्याच वेळेला दोघं दगडाखालून बाहेर येतात, अंग ताणतात, मान वाकडी करून बघतात. त्यांना सांगते सगळं. माझं डोकं ठिकाणावर आहे, लक्ष्मम्मांना विचार.

तुला आभार लिहायचे तर पत्र लांबतं. एवढंच लिहिते की संध्याकाळ मला आता खायला उठत नाही.

परवा तिळ्याची पेटी धुवायला काढली. दुपारभर दोघांना एका पेटीत ठेवलं होतं. भांडले नाहीत, उलट बरेच रमले. चाललं ना?

जागेचं काय झालं? सर्वेशच्या बोलण्यावरून विचारत नाही. मला माझा शब्द पाळायचाय, आणि त्या धडधाकट तुझ्या हातात द्यायच्यात, बस.

विशाखा


नांदेड, २७ सप्टेंबर

मृण्मयी,

शेवंती हरवली.

आडपडदा न ठेवता लिहिते. घट बसायच्या आदल्या दिवशी मी घर धुवायला काढलं, तुला आपली नवरात्राची झाडलोट माहीत आहे. माळ्यावरचे डबेसुद्धा उतरवते मी. त्या झपाट्यात पेट्याही पुसल्या. शेवंतीच्या पेटीत तू कोपऱ्यात ओल्या नारळाच्या भुशाची डबी ठेवली होतीस ना, ती मला कळकट वाटली. भुसा फेकला, डबी खळखळून धुतली, गच्चीवर उन्हात वाळत टाकली आणि तिथंच विसरले. पेटी कशी कोरडी, लख्ख. मीच खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला खायला घालायला झाकण सरकवलं, तेवढ्यात आरतीला बायका आल्या. मी सोवळ्यात, हातात चिमटा. चिमटा टाकला आणि धावले. झाकण तसंच. लाकडाच्या ओंडक्यावर चढून गेली असणार. आरती होऊन परत आले तर पेटी रिकामी.

तेव्हापासून शोधून राहिले. कपाटं ओढली, गाद्या उलट्या केल्या, ज्वारीची पोती हलवली. लक्ष्मम्मा गुडघे धरून धरून वाकल्या. बाहेर पाऊस कोसळतोय, गोदावरीकाठी पाणी चढलंय, दिवसातून चार वेळा लाईट जाते. बाहेर गेली असेल तर मांजरं आहेत, आणि मांजरांच्या आधी माणसं आहेत. दिसली की चप्पल काढतील.

एक अजून लिहायचं राहिलं. हरवायच्या आधी काही दिवस तिच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पांढरट फुगीर काहीतरी दिसत होतं. मला वाटलं अळ्या जास्त झाल्या. आज लक्ष्मम्मांनी माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं. अगं, ती पोटुशी होती का? आणि मी तिची ओली जागा उन्हात वाळत टाकली?

देवीला काय मागावं तेही सुचत नाही. माळ बांधते, घटाच्या मातीवर पाणी शिंपडते आणि तशीच उभी राहते. कुणी काही विश्वासानं सोपवलं आणि ते माझ्या हातून गेलं, असं या जन्मात पहिल्यांदा झालं. कारण सोपवलंच कुणी नव्हतं कधी. हे कर, ते कर म्हणाले, सांभाळा असं कुणी म्हणालं नव्हतं.

रागाव. पण लिही काहीतरी.

विशाखा


नांदेड, ३ ऑक्टोबर

मृण्मयी,

सापडली. जिवंत आहे. आता बसून वाच.

काल दसरा. घट उठवायला बसले. तू बघितलंयस आमच्याकडं, पत्रावळीवर चार बोटं काळी माती, त्यात धान्य पेरलेलं, मधे घट, शेजारी अखंड दिवा. दहा दिवस त्याला हलवायचं नाही, फक्त पाणी शिंपडायचं. अख्खं घर मी उलटंपालटं केलं, पण तिथं कोण हात लावणार. धान्य यंदा वीतभर वर आलं होतं, पिवळं, दाट.

कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि घट उचलला. खालच्या खोलगटात, त्या तुऱ्यांच्या आडोशाला, शेवंती. मातीच्या रंगाची झालेली. शेपूट चरबीनं गाजरासारखं जाड असायचं, ते बोटाएवढं राहिलेलं. पण डोळे उघडे. आणि तिच्या अंगाखाली मातीत अर्धी पुरलेली दोन पांढरी अंडी.

अख्ख्या घरात ओली, ऊबदार आणि कुणी हात न लावणारी एकच जागा होती. ती तिनं शोधली. आणि मी रोज सकाळी न चुकता तिच्यावर पाणी शिंपडत होते. मला हसू यायला लागलं, मग रडू, मग परत हसू. आरतीला आलेल्या बायका बघतच राहिल्या. एक म्हणाली अपशकुन, लगेच दुसरी म्हणाली देवीचा कौल. लक्ष्मम्मांनी कापूर लावला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बंगारू बल्लीनं माहेर म्हणून देवीचं घर निवडलं, तुम्ही काय बोलता?"

मी आधी शेवंतीला उचलून पेटीत ठेवली, पाणी दाखवलं, ती कितीतरी वेळ जिभेनं पीत राहिली. मग अंड्यांकडं वळले. तू एकदा सांगितलेलं आठवलं, की यांची अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी फिरवायची नसतात, जी बाजू वर तीच वर, नाही तर आतला जीव गुदमरतो. म्हणून दोन्हींच्या वरच्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं. आणि ठरवलं की माती हलवायची नाही. घट उठला, पण माती उठणार नाही.

अखंड दिव्याच्या जागी तुझा तो उजेड न देणारा उष्णतेचा दिवा लावलाय. वरून भोकं पाडलेली प्लास्टिकची टोपली झाकलीय. अंड्यांवर नाही, कडेच्या मातीवर पाणी शिंपडते. बरोबर करतेय का? किती ऊब ठेवायची? लवकर कळव, हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतेय.

आणि हो, एक कबूल करते. घाबरून घाबरून झाल्यावर माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की अंडी हलवता येत नाहीत म्हणजे तुला जागा मिळाली तरी इतक्यात काही नेता येणार नाही. माझं मन असं लबाड आहे. देवीसमोरच आलं, तिला माहीतच आहे, तुलाही असू दे.

विशाखा


नांदेड, २ नोव्हेंबर

मृण्मयी,

तुझी चिठ्ठी मिळून आता तीन आठवडे झाले, पण ती मी देवघरातच ठेवलीय. 'अठ्ठावीस अंश. हलवू नका.' एवढंच. पण अक्षर तुझं. आणि लक्ष्मम्मांच्या नातीनं मोबाईलवर बघून सांगितलं की बत्तीस ठेवलं तर नर होतात आणि अठ्ठावीसला बहुतेक माद्याच. तू अठ्ठावीस लिहिलंस. मला काय ते समजलं. असू दे पोरीच.

आता परवाचं. उदगीरची माणसं येऊन गेली. मुलगी शिवांगी, बँकेत आहे, शांत. सोबत तिची आई.

ती यायच्या आदल्या दिवशी सर्वेश आला आणि देवघर बघून भडकला. दिवाळी होऊन गेली तरी घटाची माती तशीच, त्यावर टोपली, ही माणसं काय म्हणतील. मी म्हणाले, काय म्हणायचं ते म्हणू दे. तो वाकला आणि पत्रावळ दोन्ही हातांनी धरली. त्याला इतक्या वर्षांत मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. "हात काढ सर्वेश. ही तुझी वस्तू नाही, माझीही नाही. माझ्यावर विश्वास टाकून ठेवलेली आहे." त्यानं हात काढले.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, चिवडा झाला. शिवांगीच्या आईनं देवघरात नमस्कार केला, टोपलीकडं बघितलं, विचारलं काही नाही. मग सर्वेश फोनवर बोलायला बाहेर गेला तसा त्यांनी विषय काढला. पहिलीचं डोकं जरा हललेलं होतं, पालींशी बोलायची, असं ऐकलंय, खरं का?

आता सांग, मी काय करायला पाहिजे होतं? मुलाचं घर बसत होतं. एक 'हो' म्हणाले असते तर कुणी मला बोल लावला नसता.

मी म्हणाले, "तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं होतं. माझा मुलगा वाईट नाही, पण रागावला की बोलणं टाकतो. महिना महिना टाकतो. बोलायला माणूस मिळालं नाही म्हणून ती पालींशी बोलली. तुम्ही मुलगी देताय, हे तुम्हाला माहीत पाहिजे." मग टोपली उचलून अंडी दाखवली. म्हटलं, ही तिचीच आहेत, मी सांभाळून राहिले.

शिवांगी उठून जवळ आली, खाली बसली, कुंकू कशाला लावलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ बघत बसली.

जाताना सर्वेश माझ्याशी बोलला नाही. मी समजले, आता पाडव्यापर्यंत काही नाही. तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "आई, तू तसं का बोललीस?" चिडला होता, खूप बोलला. लागेल असं बोलला. पण बोलला गं. त्यानं राग शब्दांत काढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाला, शिवांगीनं हो म्हटलंय, पण अट घातलीय, भांडायचं असेल तर तोंडानं भांडायचं. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, ती अंडी ठीक आहेत ना?

हे तुझ्यामुळं झालं. तुला त्यातलं काही मिळालं नाही, हेही मला कळतं. त्याचं वाईट वाटतं आणि तुझे उपकारही वाटतात. दोन्ही एकदम वाटतं, काय करू.

जागा मिळाली का, हे या वेळी विचारत नाही.

विशाखा


नांदेड, २३ नोव्हेंबर

मृण्मयी,

एक अंडं आठवड्यापूर्वीच खचलं. पिवळं पडलं, मऊ झालं. मी वाट बघितली, मग गुलाबाच्या कुंडीत पुरलं. लिहिलं नाही तुला, म्हटलं दुसऱ्याचं काय होतंय ते बघू.

दुसरं काल फुटलं. सकाळी टोपलीतून बघते तर अंड्याला घाम आल्यासारखे थेंब. पूजा तशीच ठेवून बसून राहिले. आधी एक चीर, मग नाकाचं टोक, मग बराच वेळ काही नाही. मग एकदम डोकं बाहेर, आणि पहिलं काम काय केलं असेल? माझ्याकडं बघून केवढ्यानं तरी किंचाळली. बोटाएवढा जीव. हसून हसून माझी पुरेवाट झाली. लक्ष्मम्मा म्हणाल्या, आवाज तुमच्यावर गेलाय.

आईसारखी नुसती पिवळी नाही, बापासारखी ठिपक्यांची नाही. पिवळे-काळे आडवे पट्टे, लुगड्याच्या काठासारखे. तू म्हणशील, लहानपणी असेच असतात, पुढं रंग बदलतो. बदलू दे. शेवंतीचं शेपूटही परत भरलंय, अळ्या मागून मागून खाते.

आता लबाडी नाही. माती काल सायंकाळी उठवली, तिन्हींना आता हलवायला काही हरकत नाही. तुझी कोर्टाची शेवटची तारीख डिसेंबरात नांदेडलाच आहे, सर्वेशनं सांगितलं. तो परस्पर हैदराबादला जाणार आहे. कोर्टातून घरी ये, जेव, आणि तुझ्या पाली घेऊन जा. मी खोकी तयार ठेवते, हवेला भोकं पाडून, आत मऊ कागद. एसटीत मागं बसू नकोस, खड्ड्यांत आदळते. पिल्लाची डबी मांडीवर घे. थंडी आहे, पदराखाली धर.

माझं काम झालं. धडधाकट देतेय. सहा महिने मला कुणीतरी भरवशाचं माणूस समजलं, एवढं खूप झालं. आणखी काही मागायची पाळी येऊ नये.

विशाखा


नांदेड, ५ डिसेंबर

मृण्मयी,

तू काल साडेपाचच्या एसटीनं गेलीस आणि आज मी लिहायला बसलेय. लक्ष्मम्मा हसून राहिल्या, की आत्ता तर भेट झाली, आता काय राहिलंय लिहायचं. तोंडावर बोलायचं सगळंच राहिलं.

तू दारात आलीस तेव्हा मी तुला ये म्हणाले, पाय धू म्हणाले, झालं. तूही कोर्टातून आलेली, चेहरा उतरलेला. सही झाली का, मी विचारलं नाही. तू सरळ पेट्यांसमोर जाऊन बसलीस. शेवंतीनं तुला ओळखलं की नाही, देव जाणे. मला ओळखते असं मी म्हणते, पण ती चिमट्याला ओळखत असेल. पिल्लू तुझ्या हातावर दिलं तर किंचाळलं नाही. माझ्यावर अजून किंचाळतं.

खोकी मी सोप्यात मांडून ठेवली होती, सुतळी बांधून. तू येता-जाता बघत होतीस. मी भाकरी करायला आत आले, कारण तू उचलायला लागलीस की मला तिथं उभं राहवलं नसतं. हे खरं कारण. भूक कुणाला होती.

तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस. मी पाठमोरीच होते. तू म्हणालीस, "आई, जागा मला ऑगस्टमध्येच मिळाली होती."

भाकरी तव्यावर होती. मी ती उलटायची सोडून दिली. विचारलं, मग कळवलं का नाहीस, मी वेड्यासारखी विचारत होते.

"कळवलं असतं तर पत्रं बंद झाली असती."

मी वळले नाही. तुला वाटलं असेल, म्हातारी रागावली. अगं, मी वळले असते तर त्या भाकरीचं आणि माझं, दोघींचं काही खरं नव्हतं. करपलेली भाकरी मी माझ्या ताटात घेतली आणि तू ती माझ्या ताटातून मोडून घेतलीस. दोघी ठसका लागेपर्यंत खात राहिलो, कोर्टाचं कुणी नाव काढलं नाही.

खोकी तशीच आहेत, रिकामी. तू सुतळी सोडलीस, गुंडाळी केलीस आणि फळीवर ठेवून गेलीस. म्हणालीस, पाली इथंच बऱ्या आहेत, मी महिन्यातून एका रविवारी येत जाईन. मी म्हणाले, बरं. काय हे माझं बोलणं. एवढं मोठं दान पदरात पडलं आणि मी म्हणते, बरं. म्हणून हे पत्र. मृण्मयी, मी सुखी आहे. तू मला सांभाळायला दिलंस, रागावली असशील तेव्हाही माझी पत्रं वाचलीस, आणि नेण्याजोगं असूनही नेलं नाहीस. या वयात कुणी एवढं देत नाही.

सूनबाई कुणी म्हणो न म्हणो, मला त्याची फिकीर नाही. कोर्टानं काय मिटवायचं ते मिटवलं असेल. आपल्या दोघींचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पिल्लानं आज सकाळी पहिल्यांदा अळी पकडली. आधी नेम चुकला, चिमट्यालाच चावलं. मग जमलं.

फक्त एक. एवढा वेळ बसलीस, पण नव्या जागेचा पत्ता तू दिलाच नाहीस. हेही पत्र क्लासच्याच पत्त्यावर टाकतेय. कळव, म्हणजे मला घरी पत्र पाठवता येईल.

आई